पडद्यावर लिहिलेले नाव



गेल्या पौर्णिमेस आमच्या विहारात तरुण मंडळींपुढे बोलण्याचा प्रसंग आला. विषय त्यांनीच दिला होता : मोबाईलच्या पडद्यावर माणूस स्वतःला कसा मांडतो. मी पडलो वकील. या विषयावर मला काय बोलता येणार, असे प्रथम वाटले. परंतु माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांकडे पाहिले तेव्हा ध्यानात आले की, हल्ली कितीतरी प्रकरणांत कोठे ना कोठे फेसबुकचे किंवा व्हॉट्सॲपचे एखादे पान जोडलेले असतेच. तेव्हा बोललो. जे बोललो ते संपादकांच्या आग्रहावरून आपणांसाठी लिहून देत आहे.

प्रथम एका तरुणाची हकीकत सांगतो. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

हा मुलगा पुण्यात संगणकाच्या एका कंपनीत नोकरीस आहे. फेसबुकवर त्याची दोन खाती. एक गावाकडच्या लोकांसाठी. त्यावर त्याचे पूर्ण नाव, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतील छायाचित्र, निळा झेंडा, चुलीपुढे बसलेली आई. दुसरे कचेरीतील सहकाऱ्यांसाठी. त्यावर आडनाव नाही; स्वतःचे नाव व बापाचे नाव, एवढेच. राजगड चढतानाचे छायाचित्र, क्रिकेटचा सामना, कॉफीचा पेला. दोन्ही खात्यांतील माणूस एकच, परंतु एकाने दुसऱ्यास कधी ओळख दिली नाही. कोणते छायाचित्र कोठे टाकावयाचे, कोणत्या मामेभावाची मैत्रीची विनंती कोणत्या खात्यावर स्वीकारावयाची, हे तो चार वर्षे रोज मनाशी पडताळून पाहत होता. मी त्यास म्हणालो, ‘अरे, इतकी जपणूक तर आम्ही वकील पक्षकाराच्या कागदांचीही करीत नाही.’ तो हसला नाही.

एके दिवशी कचेरीतील मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात बढतीवरून बोलणे निघाले. कोणी आरक्षणावर एक विनोद टाकला, त्याखाली दुसऱ्याने दुसरा. आणि तिसऱ्याने जातीचे नाव घेऊन जे लिहिले ते मी येथे लिहिणार नाही. गटात चाळीसेक माणसे होती. हसण्याची पिवळी चित्रे एकामागून एक पडत गेली. हा मुलगा वाचत राहिला, आणि शेवटी त्यानेही एक हसरे चित्र टाकले. हे सांगताना त्याचा आवाज बसला. ‘साहेब, मी ते का टाकले हे मला कळत नाही,’ असे तो म्हणाला.

मला कळत होते. २००६ साली, हाती नुकतीच सनद पडली असताना, मी ऑर्कुटवर खाते उघडले. ते संकेतस्थळ २०१४ साली बंद झाले. आजच्या मुलांनी त्याचे नावही ऐकले नसेल. त्या खात्यावर मीही आडनाव गाळले होते. तेथे वकिलांचे एक मंडळ होते व त्यात ‘सवलतीवर आलेले न्यायाधीश’ हा एक आवडता विषय होता. मी रात्री बसून तो सारा मजकूर वाचीत असे. एकदाही उत्तर दिले नाही. मनाची समजूत अशी घालीत असे की, आपण शत्रूच्या गोटात कान देऊन बसलो आहोत. वस्तुतः मी त्यांच्या पंगतीत बसून स्वतःच्या बापाची निंदा ऐकत होतो.

नाव लपविणाऱ्यास मी दोष देत नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशांतील शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी सराईत पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली, आणि सायंकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ते नाव वहीत चढले ते डोक्यावर छप्पर हवे म्हणून. आजही शहरात भाड्याची खोली पाहावयास गेलेल्या मुलास प्रथम आडनाव विचारतात व भाडे मागाहून सांगतात, हा अनुभव आपल्यापैकी किती जणांस नाही? भीतीही खोटी नाही. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डी येथे परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची धून वाजली, एवढ्यावरून भांडण उपस्थित झाले, अशी बातमी तेव्हा सर्वत्र आली होती. म्हणून ज्याने आडनाव गाळले त्यास भेकड म्हणण्यापूर्वी त्यास ते का गाळावे लागले, हे विचारणे अगत्याचे आहे.

परंतु या लपण्याची कायद्याच्या दरबारी काय किंमत पडते, हेही आपण पाहिले पाहिजे.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली, तेव्हापासून या जातींतून आलेल्या बौद्धांनाही त्याचे संरक्षण आहे. या कायद्याच्या कलम ३(१) मधील (आर) व (एस) ही पोटकलमे लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी केलेल्या अपमानासंबंधी व जातिवाचक शिवीगाळीसंबंधी आहेत. घराच्या चार भिंतींत, बाहेरचा कोणी हजर नसताना झालेले बोलणे त्यांत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली उत्तराखंडातील एका प्रकरणात सांगितले. मग मोबाईलचा पडदा ही कोणती जागा? केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली असा निर्वाळा दिला की, इंटरनेटवर टाकलेली चित्रफीत जेव्हा जेव्हा कोणी पाहतो, तेव्हा तेव्हा अपमानित व्यक्ती तेथे हजर आहे असेच धरावे. येथवर कायदा आपल्या बाजूने चालत आला. परंतु २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने (आर) पोटकलमाचा अर्थ अधिक काटेकोर केला : अनुसूचित जातीच्या माणसाचा कोणताही अपमान यात बसत नाही, तो माणूस त्या जातीचा आहे याच कारणावरून त्यास हीन लेखण्याचा हेतू असला पाहिजे.

म्हणून मी त्या मुलास पहिला प्रश्न केला : ‘लिहिणाऱ्यास तू कोण आहेस हे ठाऊक होते काय?’ तो गप्प राहिला. चार वर्षे ज्यासाठी त्याने एवढी धडपड केली होती ती सफल झाली होती. कोणालाच ठाऊक नव्हते.

सर्वच दारे बंद झाली असे मात्र नाही. त्याच कलमातील (यू) हे पोटकलम लेखी अथवा तोंडी शब्दांनी या समाजाविरुद्ध शत्रुत्व वा द्वेषभावना पसरविण्यासंबंधी आहे, आणि तेथे एका विशिष्ट माणसाचा अपमान सिद्ध करावा लागत नाही. दुसरी अडचण पुराव्याची निघाली. त्याने पडद्याचे छायाचित्र घेतले होते, पण लिहिणाऱ्याचे नाव व तारीख कापून, एका मित्रास दाखविण्यापुरते. संतापाच्या भरात मूळ संभाषण पुसून टाकले होते, आणि दिवाळीत जुना मोबाईल देऊन नवा घेतला होता. आता जालन्याच्या निवडणूक अर्जात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्टच सांगितले आहे की, मूळ यंत्र न्यायालयापुढे नसेल तर प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने हे प्रमाणपत्र दोन भागांत मागितले आहे. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. कापलेल्या छायाचित्राच्या छापील कागदावर कोणता तज्ज्ञ सही करणार?

हे झाले लपविण्यासंबंधी. दाखविण्याचाही एक दंड आहे, आणि तो मी कौटुंबिक न्यायालयात पाहतो. पोटगीच्या अर्जात पती शपथेवर सांगतो की, आपणांस काम नाही, मित्राच्या दुकानात बसतो. आणि त्याच आठवड्यात नव्या मोटारसायकलीस हार घालतानाचे त्याचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर झळकते. मोटारसायकल मित्राची निघते, हा भाग निराळा! पडद्यावर श्रीमंत व प्रतिज्ञापत्रात गरीब अशी ही माणसे. त्यांच्याविषयी मला फारशी सहानुभूती वाटत नाही.

सहानुभूती वाटते ती माझ्या एका पक्षकार भगिनीविषयी. सासरी मार खाऊन ती माहेरी आली होती. उलटतपासात विरुद्ध बाजूच्या वकिलांनी तिच्या हाती एक छायाचित्र दिले : चुलतबहिणीच्या लग्नात, अंगावर जरीची साडी, आणि ती हसत आहे. ‘ह्या आपणच ना? हसता आहात ना?’ तिने होय म्हटले. तिला अधिक काही सांगावयाचे होते, पण उत्तर होय किंवा नाही एवढेच द्यावयाचे, अशी ताकीद मिळाली. फेरतपासात मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली की, त्या दिवशी सकाळी डाव्या दंडावर वळ होता, म्हणून लांब बाह्यांचे पोलके घातले होते. छायाचित्र पुन्हा पाहिले. बाह्या मनगटापर्यंत होत्या. वैशाखातले लग्न होते. ते छायाचित्र तिने स्वतःच टाकले होते, माहेरच्या माणसांनी काळजी करू नये म्हणून.

म्हणजे पाहा, तिने हसू पुढे केले आणि त्या मुलाने आडनाव मागे ठेवले. दोघांनीही ते आपल्या माणसांसाठी किंवा आपल्या पोटासाठी केले, आणि दोघांच्याही बाबतीत त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार परक्यांकडे गेला. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा तो छापण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागला होता! आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. त्यावर आपण काय छापतो, तर पुष्कळदा स्वतःचे असे चित्र की जे पाहून दुसऱ्याने आपणांस आपण नव्हे असे समजावे.

सभेत एका मुलीने उठून विचारले, ‘मग आम्ही आडनाव लावावे की नाही?’ मी उत्तर दिले नाही. ज्याची नोकरी व खोली जावयाची, त्याने ते ठरवावयाचे. मी आज माझ्या नावाच्या पाटीमागे सुरक्षित बसलो आहे. एवढेच सांगितले की, असे काही वाचावयास मिळाले तर मोबाईल विकू नका, संभाषण पुसू नका, आणि हसरे चित्र टाकू नका.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे सभेत सांगावयाचे राहिले. आमच्या भेटीनंतर आठवड्याने त्याने कचेरीच्या खात्यावर आपले पूर्ण नाव लिहिले. मी सांगितले नव्हते. गटात कोणी काही बोलले नाही. पण त्याच रात्री दोन वर्षे शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या एका सहकारी भगिनीचा त्यास खासगी निरोप आला : ‘जय भीम.’ तिच्याही खात्यावर आडनाव नव्हते. तिने तो दिवस विसरावा म्हणून पुष्कळ यत्न केले होते, परंतु गटातील एकही अक्षर पुसले नव्हते. नावे, तारखा, वेळा, सारे तिच्या मोबाईलमध्ये जसेच्या तसे होते.

प्रमाणपत्राचा पहिला भाग तिने माझ्या कार्यालयात बसून भरला. नावाच्या रकान्यापाशी थोडा वेळ थांबली, मग पूर्ण नाव लिहिले. तक्रार दाखल झाली आहे व तपास चालू आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.