गुंगीचे औषध आणि पाचवे शील
(वर्षावासातील कार्यक्रमात दिलेले भाषण)



मनाला बेसावध करणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचे पाचवे शील आपण नित्य ग्रहण करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार आपल्या वस्त्यांनी पाहिले आहेत. परंतु दारूला वास असतो. मुलगा पिऊन आला की आईला दारातच कळते. आज ज्याविषयी बोलायचे, त्याला तसा वास नाही. त्याचे नाव केटामाइन. आम्ही डॉक्टर नव्हे. जे वाचून समजून घेतले तेच आपल्यापुढे मांडतो.

केटामाइन हे मुळात औषध आहे. १९६२ साली ते अमेरिकेत तयार झाले आणि १९७० साली तेथे त्याला मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी ते माणसांना व जनावरांनाही देतात. योग्य मात्रेत श्वास फारसा मंदावत नाही, म्हणून अपुऱ्या साधनांच्या लहान रुग्णालयांना त्याचा मोठा आधार आहे. तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या भुलीला कोणी भिऊ नये. हेच औषध पूड करून मौजेखातर नाकाने ओढले जाते, तेथे अनर्थ सुरू होतो.

ते घेतल्यावर शरीर आपले नाहीच असे वाटते. वेदना कळत नाही, हातपाय ऐकत नाहीत. अशा अवस्थेत माणूस पडतो, भाजतो, बुडतो. सोबत दारू असेल तर श्वास बंद पडण्याचा धोका वाढतो. २०२३ मध्ये अमेरिकेतील प्रसिद्ध नट मॅथ्यू पेरी घरच्या पाण्याच्या कुंडात मृत आढळले. केटामाइनचा तीव्र परिणाम हे मृत्यूचे मुख्य कारण तपासणीत निघाले.

परंतु खरा घात सावकाश होतो. हाँगकाँगमध्ये २००० नंतर तरुणांत हे व्यसन फोफावले. तेथील डॉक्टरांनी २००० ते २००७ या काळातील ५९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. मूत्राशय आक्रसलेले, दर थोड्या वेळाने लघवीला धाव, असह्य जळजळ, लघवीतून रक्त. सुमारे निम्म्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना सूज होती. निरोगी मूत्राशयात चार-पाचशे मिलिलिटर लघवी मावते; या मुलांपैकी काहींच्या मूत्राशयात पेलाभरही मावेना. वर्गात तासभर बसणे, एसटीने गावी जाणे, रात्रभर झोपणे, या साध्या गोष्टी अशा माणसाला जमत नाहीत.

मित्रहो, यातील फास नीट समजून घ्या. केटामाइन वेदना बधिर करते. मूत्राशय दुखू लागले की व्यसनी मुलगा ते दुखणे थांबवण्यासाठी पुन्हा तेच घेतो. दुखणे थांबते, आतली इजा वाढते. तृष्णेतून दुःख आणि दुःखातून पुन्हा तृष्णा, हे तथागतांनी सांगितलेले चक्र येथे शरीरातच फिरताना दिसते. वेळीच सोडले तर पुष्कळांचा त्रास कमी होतो; फार उशीर झाला तर मूत्राशयावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. कोणी बेशुद्ध पडला तर त्याला एकटा सोडून पळू नका. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. पोलिसांच्या भीतीने गेलेला अर्धा तास जिवावर बेततो.

पालकांनाही सांगणे आहे. भारतात २०११ पासून केटामाइन अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. परंतु त्याच कायद्यात, अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्याचा क्रमांक १४४४६ आहे. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे. मुलगा वारंवार लघवीला जातो, पोट धरून बसतो, पैशांचा हिशेब लागत नाही, असे दिसले तर आधी जवळ बसवून विचारा. समाजात नाव जाईल म्हणून झाकून ठेवू नका. आम्हीही पूर्वी अशा घरांविषयी कुजबुज करण्यापलीकडे काही केले नाही, याची आज खंत वाटते.

आपल्या मुलांना येथवर शिकवताना आईबापांनी हाडाची काडे केली आहेत. ते शिक्षण एका चिमूटभर पुडीत जाऊ नये. शील हे नुसते म्हणण्यासाठी नसून पाळण्यासाठी आहे, आणि पाळताना कोणी अडखळला तर त्याला हात देण्यासाठी संघ आहे, एवढे सांगून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!