वेचणीच्या हंगामातील मूल

राळेगाव तालुक्यात दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला येतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हणून आईच्या ओट्यात लेकराच्या ओंजळीचीही भर पडते आणि तान्ह्याला सांभाळण्यासाठी थोरली बहीण शाळा सोडून घरी राहते. हा दोष आईबापांच्या अज्ञानाचा नव्हे. तो मजुरीच्या दराचा आहे.

२००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मजुरीवर बंदी घातली. परंतु शाळेनंतर कुटुंबाच्या कामात मदत करण्याची मुभा ठेवली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी ही मुभा पळवाट ठरते. कोलाम पोडावरच्या मजुराचे मूल तर आईच्याच मापात राबते. त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर चढत नाही.

मग उपाय कोणता? रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळणारी स्त्री नेमावी, अशी तरतूद २००५ च्या कायद्याने केली. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेत, असाही नियम आहे. या दोहोंच्या आधारे वेचणीच्या हंगामात गावोगाव पाळणाघर उभे करण्याचा ठराव ग्रामसभेत मांडणे, हे कार्यकर्त्यांचे काम होय. बालकाचा हक्क कोणाच्या दयेवर नव्हे, गावाच्या जमाखर्चात नोंदला गेला पाहिजे.