गेलेल्या युनिटचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



'बुडणारं वीज मंडळ वाचलं कसं?' असा विषय सेक्रेटरींनी मला दिला, कारण माझी नोकरी तिथेच झाली. खरं सांगायचं तर ते अजून पुरतं वाचलेलं नाही. पेशंट हिंडूफिरू लागलाय, एवढंच.

मंडळ बुडालं ते दाभोळमुळे, असं बहुतेकांना वाटतं. ती महागडी वीज घेणं २००१ साली थांबवावं लागलं, तोवर मंडळ टेकीला आलं होतं हे खरंच. पण मूळ दुखणं त्याहून जुनं.

आपल्याच टाकीचं उदाहरण घ्या. सकाळी टँकरने टाकी भरली, संध्याकाळी कोरडी. कुठल्या विंगने किती वापरलं, मोजायला मीटर नाही. कुठे पाइप गळतोय, कुणी गुपचूप गाडी धुतोय, आणि रजिस्टरमध्ये आपण लिहितो, 'बागेला लागलं'. मंडळाची ही बाग म्हणजे शेतीपंप. बऱ्याच पंपांना मीटर नव्हते, बिल हॉर्सपॉवरवर. शेतकऱ्याने किती वीज घेतली हे अंदाजाने ठरायचं, आणि शहरातली चोरी, जुनाट तारांमधली गळती त्या अंदाजाच्या पोटात सहज मावायची. बदनाम मात्र शेतकरी! नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी सुरू झाली, तेव्हा मंडळ सांगत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट गळती निघाली. माझ्या मते मंडळ वाचायला सुरुवात झाली ती त्या दिवशी.

पुढे २००३ चा कायदा आला, ६ जून २००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या. पाटी बदलून वसुली होत नाही, हे आपल्या खजिनदारांना मी सांगायला नको.

उपयोग झाला तो रुक्ष कामांचा. फीडरवर मीटर बसले. गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा केला. मग भारनियमनाचे तास फीडरच्या गळतीवर आणि वसुलीवर ठरू लागले. चार जणांनी आकडे टाकायचे आणि अख्ख्या वस्तीने अंधारात बसायचं! नियमित बिल भरणाऱ्यावर हा अन्यायच होता, मला तो कधीच पटला नाही. पण शेजारच्याच्या आकड्याकडे लोक बघू लागले, हेही खरं.

भिवंडीत २००७ पासून वितरण खासगी फ्रँचायझीकडे दिलं. यंत्रमागांचं गाव, गळती प्रचंड. ती काही वर्षांत निम्म्याहून खाली आली. मग काय, सगळ्यांना तोच मंत्र सापडला! औरंगाबाद, जळगाव, नागपूर इथे तेच केलं, तिन्ही ठिकाणी मुदतीआधीच गुंडाळावं लागलं. म्हणून 'खासगी करा, सुटेल' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, भिवंडीसारखं की जळगावसारखं?

२०१५ च्या 'उदय' योजनेत वितरण कंपन्यांचं पाऊण कर्ज राज्यांनी आपल्या अंगावर घ्यायचं ठरलं. कर्ज उतरलं तरी गळका पाइप तिथेच असेल, तर ते पुन्हा चढतं.

आता २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. मोफत द्यायला माझा विरोध नाही. पण सरकारने ती मोजून द्यावी आणि महावितरणचे पैसे वेळेवर चुकते करावेत. २००४ ला निवडणुकीआधी अशीच माफी जाहीर झाली, पुढच्या वर्षी मागे घेतली; मधल्यामध्ये बिल भरायची सवय मोडली ती मोडलीच. शेतीचा बोजा इतकी वर्षं कारखान्यांच्या आणि दुकानांच्या दरात टाकला. ते आता छतावर सोलर बसवून निघालेत. उरलं कोण? आपण!

मला आशा वाटते ती सौर कृषी वाहिनीची. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, तीही दिवसा. शेतकऱ्याचं रात्री दोन वाजता विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाणं टळेल, आणि ही वीज स्वस्तही पडते.

स्मार्ट मीटरबद्दल तुमच्या चिठ्ठ्या आल्यात. ते चहाच्या वेळी बोलू. येताना आपापलं बिल घेऊन या.