दूध आपलं, बाटली आरेची
(आरे कॉलनी, गोरेगाव येथील कीर्तनातून)



इथले जुने लोक मान डोलावतील. आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं. सकाळी केंद्रावर रांगेत उभं राहताना हातात काय असायचं? कालची रिकामी बाटली! ती परत द्यायची, तेव्हा भरलेली मिळायची. दूध आपलं, बाटली आरेची. पोरासोरांनाही हे कळायचं. मग डिपॉझिट घेतलेल्या घरमालकाला का कळू नये?

डिपॉझिट म्हणजे अनामत. अनामत म्हणजे दुसऱ्याची ठेव. भाडं आपलं, ठेव भाडेकरूची. पण अकरा महिने पैसा आपल्या खात्यात राहिला, की तो आपलाच वाटायला लागतो. त्यातून पोरीचं लग्न होतं, गावचं घर होतं. आणि भाडेकरू निघाला, की भिंतीवर डाग दिसायला लागतात! अहो, माणूस राहिला म्हणजे रंग उतरणारच. त्याचंच तर भाडं घेतलं ना?

तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. लोकांकडून येणं होतं, त्याची खतं होती. धाकटा भाऊ कान्होबा, त्याचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. हक्काचं येणं सोडलं! आपल्याला एवढं कुणी सांगत नाही. आपण फक्त दुसऱ्याचं देणं द्यायचं. तेवढंही जड जावं?

मग करायचं काय? ठेव वेगळी ठेवा. करार लिहून नोंदवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. घर सोडायच्या दिवशी दोघांनी मिळून खोल्या बघा. लाईट बिल बाकी असेल, नळ मोडला असेल, तर पावती दाखवून तेवढंच कापा. उरलेली रक्कम चावी घेतानाच द्या आणि पोच लिहून घ्या. त्याला पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं. आपण अडवलं, तर तो बायकापोरं घेऊन कुठे जाईल?

पैसे खर्च झाले असतील, तर निदान त्याचा फोन उचला. खरं सांगा, तारीख द्या आणि ती पाळा.

वारीला निघण्याआधी एवढा हिशेब बघा, माऊली. कुणाची चावी घेतली आणि ठेव दिली नाही, असं असेल तर आधी ती द्या, मग पंढरीची वाट धरा. पांडुरंग युगानुयुगं विटेवर उभा आहे, तो थांबेल. त्या भाडेकरूला थांबायला जागा नाही.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!