पहिला मालक पारखून घ्या

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या युवक मेळाव्यातील भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती या रस्त्यावर आमची उमर गेली. संयोजकांनी सांगितले, “काका, पोरांना ड्रायव्हरकीबद्दल दोन शब्द सांगा.” म्हणून उभे आहोत.

मागच्या महिन्यात वस्तीतील एक माय आमच्या घरी आली. म्हणाली, “भाऊ, पोराले कोणाच्या बी गाडीवर टाकून द्या ना.” आम्ही म्हटले, “माय, पोरगी द्यायची तर दहा घरं पाहता. मंग पोराले ‘कोणाच्या बी’ गाडीवर काहून टाकता?” आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे. पहिली शाळा आणि पहिला मालक पारखून घ्या. पहिल्या दोन वर्षांत हाताला जी सवय लागते, ती जन्मभर जात नाही.

अगोदर कायद्याचे पाहू. ट्रकचा परवाना एकदम मिळत नाही. वय 20 पूर्ण पाहिजे आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना पाहिजे. आठवी पासची अट 2019 साली काढून टाकण्यात आली, त्यामुळे कमी शिकलेल्या मुलांनाही वाट मोकळी झाली. परंतु मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागतेच. नियमाप्रमाणे अवजड वाहनाचे शिक्षण किमान 30 दिवसांचे, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालविणे किमान 15 तास. सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रांसाठी 2021 साली नवीन नियम आले. तेथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा आहे.

तेव्हा फी विचारण्याआधी शाळेत जाऊन तीन गोष्टी पाहा. शाळेची स्वतःची मोठी गाडी आहे काय? त्या गाडीला शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे काय? शिकणाऱ्याने किती तास गाडी चालविली याचे रजिस्टर रोजच्या रोज भरतात काय? “तुम्ही फक्त सहीले या, बाकी आमच्यावर सोडा,” असे कोणी म्हणाले, तर तेथून हात जोडून निघा. तो तुम्हाला कागद विकतो आहे. घाटात ब्रेक तापले की तो कागद कामी येत नाही.

आता मालकाचे. आमच्या वस्तीतील एका मुलाचे सांगतो, नाव घेत नाही. परवाना हाती आला त्याच आठवड्यात एका मालकाने वीस हजारांची उचल दिली. घरात आनंद झाला, बहिणीच्या लग्नाचे देणे फिटले. मालकाने मूळ परवाना आपल्याकडे ठेवून घेतला. सरकीच्या पोत्यांची गाडी, सोबत ना क्लीनर ना दुसरा ड्रायव्हर. तिसऱ्या रात्री पहाटे डोळा लागला आणि गाडी नाल्यात गेली. जीव वाचला, पाय मोडला. मालक म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. याच्याजवळ कामावर असल्याचा एकही कागद नव्हता. उचल मात्र वहीत लिहिलेली होती! ती फेडण्यात त्या घराचे दीड वर्ष गेले.

कामावर असताना इजा झाली तर भरपाई मागण्याचा हक्क कामगाराला 1923 च्या कायद्यापासून आहे. पण आपण त्या मालकाचे कामगार आहोत, हे आधी सिद्ध करावे लागते. म्हणून पगार बँकेत घ्या. साध्या कागदावर का होईना, कामावर ठेवल्याची चिठ्ठी घ्या. गाडीचा विमा चालू आहे काय आणि त्यात ड्रायव्हरची जोखीम आहे काय, ते पाहा. मूळ परवाना कोणाच्याही कपाटात ठेवू नका.

आम्ही शिकलो तेव्हा शाळा कोठली? उस्तादाजवळ दोन वर्षे क्लीनरकी केली. उस्ताद पहाटे रिकाम्या बाजार आवारात दोन विटा ठेवायचा आणि त्यांच्यामधून गाडी मागे घ्यायला लावायचा. वीट पडली की चहा बंद. म्हणायचा, “गाडी पळवनं कोणालेबी येते, थांबवनं शिक.” शिव्याही खाल्ल्या, पण हात बसला. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हा विचारा: “पहिले तीन महिने मले कोणाच्या बाजूले बसवता?” जो मालक दुसऱ्याच दिवशी एकट्याला रात्रीच्या गाडीवर पाठवतो, त्याला ड्रायव्हर नको आहे, भाडे पोचवणारा पाहिजे आहे.

दुसरा प्रश्न झोपेचा. बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असताना मांडलेल्या दुरुस्तीने 1946 साली बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. मोटार कामगारांसाठीही 1961 च्या कायद्याने दिवसाचे आठ तास ठरविले. कागदावर ठरले, पण रस्त्यावर ते मागावे लागते. आज रस्ते गुळगुळीत झाले. 2022 च्या जून महिन्यात आपल्याच अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, 2025 साली पूर्ण खुला झाला. खड्डा ड्रायव्हरला जागा ठेवायचा. सरळ रस्ता झोपवतो. लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर देता काय, हे आधीच विचारा. झोप उडविण्यासाठी गोळी आणि थकवा घालविण्यासाठी बाटली, ही दोन्ही व्यसने पहिल्याच वर्षी लागतात. पाचवे शील आपण रोज म्हणतो, ते स्टेअरिंगवरही पाळायचे असते.

तिसरा प्रश्न पैशाचा. पगार महिन्याचा की फेरीचा? भत्ता वेगळा काय? डिझेल कमी भरले तर कोणाकडून कापणार? माल जास्त भरला तर दंड 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार. तो कोण भरणार? वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि उचल शक्यतो घेऊच नका. उचल घेतलेल्या माणसाला “आज मी चालवत नाही” म्हणता येत नाही.

ज्यांना घाई आहे त्यांनी लहान गाडीपासून सुरुवात करावी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले की, 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो. बाजारात भाजी, डाळ, संत्री पोचवत वर्ष काढा, मग ट्रककडे या. पुढे गायगावच्या डेपोवर टँकर चालवायचा असेल तर धोकादायक मालाचे तीन दिवसांचे वेगळे शिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. स्वतःची गाडी घ्यावी असे प्रत्येकालाच वाटते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आपल्या मुलांच्या व्यवसायासाठी 1978 पासून आहे. परंतु दुसऱ्याच्या गाडीचा टायर, डिझेल आणि हिशेब कळल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका.

शेवटी आई-वडिलांना एक विनंती. मुलगा पहिल्या महिन्यात काम सोडून घरी आला आणि म्हणाला, “गाडीचे ब्रेक बरोबर नाहीत, मालक ऐकत नाही,” तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला जेवू घाला. तो पोरगा शिकला आहे. आणि दुसऱ्या दिवशी त्याला आमच्याकडे पाठवा. वस्तीत आम्ही चार-पाच जुने ड्रायव्हर आहोत. कोणत्या मालकाकडे दहा-दहा वर्षे तेच ड्रायव्हर टिकून आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. याहून मोठी परीक्षा मालकाची नाही.