मुरगळलेला पाय

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



मंडळाच्या कार्यकारी समितीने आम्ही 'आरोग्य' या विषयावर बोलावे अशी इच्छा दर्शविली. मधुमेह व रक्तदाब यांवर मागील संमेलनांत पुष्कळ बोलून झाले आहे, आणि ते ऐकणाऱ्यांपैकी कोणी नंतरच्या पंगतीत जिलबी नाकारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून आज आम्ही शरीराच्या अगदी तळाशी जाणार आहोत. समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी कोणी खो-खो खेळतात, कोणी कबड्डी, कोणी फुटबॉल. आणि कितीतरी मुले-मुली पहाटे पाचला उठून पोलीस भरतीसाठी धावतात. या सर्वांचे भवितव्य ज्या घोट्यावर आणि चवड्यावर उभे आहे, त्यांची विचारपूस ते दुखू लागेपर्यंत कोणी करीत नाही.

विदर्भाला मैदानाचे वेड नवे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परदेशीयांस करून दाखविले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. तो विजय मॅटवरचा होता, हे मात्र आपण ध्यानात घेतले पाहिजे. आपली मुले अनवाणी मातीत शिकतात. मातीत पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्यात हिसका विरून जातो. मॅटवर बुटाचा तळ चिकटून बसतो, अंग वळते आणि पाऊल जागीच राहते. हुलकावणी देऊन वळणाऱ्या खो-खोपटूच्या घोट्यावर त्या क्षणी जो पीळ पडतो, तो मातीतल्या सवयीने सोसत नाही. मातीतून मॅटवर जाताना निदान काही आठवडे हळूहळू सराव व्हावा, ही आमची क्रीडाशिक्षकांस विनंती आहे. मातीचेही दोष आहेतच. नागपूरची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाऊल ओढून घेते.

आता पाय मुरगळतो म्हणजे काय होते? उडी मारून उतरताना किंवा एकदम वळताना पाऊल आतल्या बाजूस कलते आणि घोट्याची बाहेरची बाजू ताणली जाते. तेथे हाडास हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात. त्यांस अस्थिबंध म्हणावे, डॉक्टर लिगामेंट म्हणतात. ते ताणले जातात, अर्धवट फाटतात किंवा पूर्ण तुटतात. 'शीर चढली', 'लचक भरली', 'हाड सरकले' अशी नाना निदाने घरोघर होतात. बहुधा यांतले काहीच झालेले नसते. पट्टा फाटलेला असतो आणि फाटलेल्या वस्तूस चोळून उपयोग नसतो. तरीही आपल्याकडे पहिला उपचार म्हणजे कढत तेलाचे मालीश, आणि दुसरा म्हणजे पाय खसकन ओढून 'बसवून' देणारा एखादा जाणकार. आंबेहळदीच्या लेपाशी आमचे भांडण नाही. तो बिचारा निरुपद्रवी आहे. मालीश आणि ओढाताण मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत आतला रक्तस्राव व सूज वाढवितात, आणि हाड मोडले असल्यास अनर्थ करतात.

हाड मोडले आहे किंवा कसे, हे ओळखण्यास कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली काही सोपे नियम घालून दिले. घोट्याच्या दोन्ही बाजूंस जी उंचवट्याची हाडे लागतात, त्यांची मागची कड खालून सहा सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबून पाहावी. पावलाच्या बाहेरच्या कडेवर करंगळीमागे मध्यावर लागणारे टोक आणि आतल्या बाजूस कमानीच्या माथ्यावरचे हाडही दाबावे. यांपैकी कोठेही हाडावरच कळ आली, किंवा दुखापत होताच आणि पुढे तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता आली नाहीत, तर क्ष-किरण चित्र काढलेच पाहिजे. यांपैकी काहीच नसेल तर मोड असण्याचा संभव फारच थोडा. मात्र लहान मुलांच्या बाबतीत हा निर्णय घरी करू नये. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि तिची इजा सहज कळत नाही. १९४७ साली निघालेले आपले 'मेडिकल' आहे, 'मेयो' आहे. दोन्हींकडे अस्थिरोग विभाग आहेत. करंगळीमागच्या त्या हाडाची एक मौज सांगतो. इंग्लंडचे विख्यात अस्थिशल्यवैद्य सर रॉबर्ट जोन्स यांचे ते हाड नाचताना मोडले. त्यांनी स्वतःच्या पायासकट अशा काही रोग्यांची हकीकत १९०२ साली प्रसिद्ध केली आणि त्या मोडीस आजही त्यांचेच नाव आहे.

हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस पायास जपावे, लवचिक पट्टी बांधावी आणि निजताना पाय छातीपेक्षा उंच राहील असा उशीवर ठेवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावल्यास कळ कमी होते. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि उंची हे चतुःसूत्र १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टर गेब मर्किन यांनी लोकप्रिय केले. पुढे २०१४ साली त्यांनीच सांगितले की बर्फ व संपूर्ण विश्रांती यांनी बरे होण्यास विलंब लागू शकतो. म्हणून बर्फ वेदनेपुरता लावावा, सबंध दिवस नव्हे. पंधरा दिवस खाटेवर पडून राहण्याची चालही सोडून द्यावी.

येथून पुढचा भाग तरुणांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. सूज उतरली, चालता येऊ लागले की आपला खेळाडू बरा झालो असे समजतो आणि थेट मैदानावर जातो. तोच घोटा दोन महिन्यांनी पुन्हा मुरगळतो, मग तिसऱ्यांदा, आणि शेवटी त्याचा पाय सपाट रस्त्यावरही दगा देऊ लागतो. अस्थिबंध ही नुसती दोरी नव्हे. पाऊल कोठे व किती कलले आहे याची वर्दी मेंदूस देणारे ज्ञानतंतू त्यात असतात. पट्टा फाटला म्हणजे ती वर्दीही मंदावते. वेदना गेली तरी ती आपोआप पूर्ववत होत नाही. तिला शिकवावे लागते. अनेक देशांत झालेल्या चाचण्यांत असे दिसून आले आहे की पूर्वी घोटा मुरगळलेल्या खेळाडूंनी तोलाचे व्यायाम केल्यास पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण पुष्कळ घटते.

हे व्यायाम फुकटचे आहेत. दुखणे सोसेल तसे प्रथम बसल्याबसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत सबंध बाराखडी गिरवावी. मग भिंतीशी उभे राहून टाचा उचलाव्या. मग दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट एकट्याने उभे राहावे. आम्ही तर दात घासताना हे करावयास सांगतो, म्हणजे सबब उरत नाही. ते साधले की डोळे मिटून, आणि त्यानंतर घडी घातलेल्या गोधडीवर. पुढे सरळ धावणे, मग नागमोडी धावणे, मग एका पायावर लंगडी. दुखऱ्या पायाची लंगडी चांगल्या पायाइतकी दूर व न डगमगता जाईल त्या दिवशी खेळावे, त्याआधी नाही. साध्या दुखापतीस एक ते तीन आठवडे पुरतात, मोठीस तीन महिनेही लागतात. पहिले वर्षभर सामन्यात घोट्यास आधारपट्टा बांधणे शहाणपणाचे. कबड्डीत तर प्रतिपक्ष घोटाच धरावयास टपलेला असतो!

आता भरतीच्या मुलांविषयी. मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धावणे ही मैदानी चाचणीतील मुख्य कसोटी. जाहिरात निघाली की वर्षभर न धावलेली मुले एकाएकी दररोज सहा-सात किलोमीटर धावू लागतात. तेही आपल्या शहरात सर्वत्र झालेल्या सिमेंटच्या रस्त्यांवर आणि थोरल्या भावाच्या झिजलेल्या बुटांत. काही आठवड्यांनी नडगीत किंवा चवड्यात दुखू लागते. बोट ठेवून दाखविता येईल अशा एकाच जागी कळ असेल आणि ती धावताना वाढत जात असेल, तर हाडास बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. हा आजार प्रथम लष्करातच ओळखला गेला. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या लष्करी वैद्याने प्रशियाच्या शिपायांच्या दुखऱ्या पावलांचे वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. क्ष-किरण चित्रात हा तडा पहिले दोन-तीन आठवडे पुष्कळदा दिसत नाही. चित्र स्वच्छ आले म्हणून मुलगा धावत राहतो आणि तड्याची मोड होते.

आम्ही अशी मुले पाहिली आहेत. वय सरत आलेले, घरची दोन एकर कोरडवाहू, शिकवणीची फी उसनवार भरलेली. आणि चाचणीच्या महिन्यात पाय प्लास्टरमध्ये. तो एक पाय नव्हे, त्या घराचे एक वर्ष मोडते. यावर उपाय म्हणजे जाहिरातीची वाट न पाहता वर्षभर थोडे थोडे धावणे, अंतर आठवड्यागणिक हळूहळू वाढविणे, आठवड्यातून निदान एक दिवस सुट्टी घेणे आणि शक्य तेव्हा मातीच्या वाटेने धावणे. मातांस एक गोष्ट स्पष्टच सांगतो. धावणाऱ्या मुलीची पाळी लांबू लागली किंवा बंद झाली तर 'व्यायामाने होते असे' म्हणून सोडून देऊ नये. पोटात पुरेसे अन्न जात नाही याची ती खूण असू शकते आणि अशा मुलींची हाडे लवकर तडकतात. भावाच्या ताटात जेवढे वाढता तेवढे तिच्याही ताटात पडू द्या.

चाळिशी उलटलेल्या सभासदांसाठी दोन वाक्ये. संमेलनाच्या दिवशी एकदम धावण्याच्या शर्यतीत उतरलेल्या गृहस्थास मागून कोणी टाचेवर काठी मारल्यासारखे वाटले आणि वळून पाहता मागे कोणीच नसले, तर टाचेची मोठी कंडरा तुटली असे समजावे. त्यास पालथे निजवून पोटरी दाबावी. पाऊल हलले नाही तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

मंडळाच्या क्रीडास्पर्धांसंबंधी आमची कार्यकारी समितीस सूचना आहे. सामन्यांच्या आदल्या सायंकाळी मैदान दोघांनी पायी फिरून पाहावे, खड्डे मुरमाने बुजवावे आणि पाणी मारून दाबून घ्यावे. प्रत्येक संघाने प्रथम वीस मिनिटे अंग तापविल्याशिवाय पंचांनी शिट्टी वाजवू नये. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने असा वीस मिनिटांचा व्यायामक्रम तयार केलेला आहे, तो क्रीडाशिक्षकांनी मिळवावा. मैदानाशेजारी बर्फाची पेटी, लवचिक पट्ट्या व एक खुर्ची असावी. चषक व शाली यांवर दरवर्षी जो खर्च पडतो, त्यातून एका शालीची किंमत वजा केली तरी हे सर्व साहित्य येते, आणि उरलेल्यात भरतीची तयारी करणाऱ्या एखाद्या मुलीस बुटांचा जोड घेऊन देता येतो.