सोबतीला बाई ठेवताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुले परगावी, सून नोकरीला आणि घरात ऐंशी ओलांडलेले माणूस, असे एक तरी घर आता आपल्या प्रत्येक जिन्यावर आहे. तेथे बाई ठेवावयाची वेळ आली की ब्यूरोला आपण आधी पैसे विचारतो, मग जात. जिच्या हातून आपल्या आईची आंघोळ व्हावयाची, तिने आजवर कोणाला पलंगावरून उठवून खुर्चीत बसविले आहे काय, हे विचारावयाचे राहूनच जाते.

माझ्या सासूबाईंचे वय सत्त्याऐंशी. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली आणि बाई पाहण्याचे काम माझ्याकडे आले. ब्यूरोची बाई म्हणजे नर्स नव्हे, हे डॉक्टरांनी प्रथमच बजावले. इंजेक्शन देणे, नळीने अन्न घालणे, लघवीची नळी बदलणे ही कामे नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेल्या परिचारिकेची. बाईने करावयाचे ते आंघोळ, कपडे, भरविणे, गोळ्यांची आठवण, धरून चालविणे; आणि माणूस अंथरुणाला खिळलेले असेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, नाहीतर पाठीला जखमा होतात. ही कामे आम्ही कागदावर लिहून काढली. धुणे, भांडी, पोळ्या त्यात कोठेच नव्हत्या. पुष्कळ घरांत बाई येते आजींसाठी, आणि दोन दिवसांत तिच्यापुढे सगळ्या घराची कणीक येते. मग आजी ओल्या कपड्यांत पडून राहतात.

‘चोवीस तासांची बाई’ हा शब्द तर मला मुळीच पटत नाही. ती झोपणार केव्हा? सासूबाई रात्री तीन-चार वेळा उठत, म्हणून दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोघी ठेवावयाच्या ठरल्या. दिरांनी निम्मा भार उचलला म्हणून निभावले. ज्यांना हे झेपत नाही, त्यांनी बाईला दिवसा सलग झोप मिळेल आणि तेवढा वेळ घरचे कोणी आजींपाशी बसेल, एवढे तरी करावे.

ब्यूरोत गेल्यावर बाईच्या पोलीस पडताळणीचा कागद पाहिला, आणि ती आली नाही तर त्याच दिवशी बदली मिळेल काय, ते विचारले. आम्ही देतो त्यातले बाईच्या हाती किती पडते, असेही विचारले. यावर एका ब्यूरोचे गृहस्थ चिडले. “ते आमचे आपसातले आहे,” म्हणाले. मी तेथून उठले. जिच्या हाती थोडेच पडते, ती दुसरीकडे चार पैसे जास्त मिळताच जाणार. तिला दोष कसा द्यावा? हाल होतात ते म्हाताऱ्या माणसाचे. सासूबाई म्हणाल्या, “दर पंधरा दिवसांनी नव्या बाईपुढे लुगडे सोडायचे का मी?”

म्हणून निवड त्यांच्यावरच सोपविली. दिवसपाळीसाठी दोघी जणी दोन-दोन दिवस येऊन गेल्या. पहिली चटपटीत, पण “आजी चहा घेतात का?” हे मला विचारी, आजी समोर बसलेल्या असताना! दुसरी कामाला संथ, परंतु हात लावण्यापूर्वी “आजी, उठवू का?” असे त्यांनाच विचारी. सासूबाईंनी दुसरीला ठेवून घेतले. तिची जात कोणी विचारली नाही. कपबशी वेगळी ठेवावयाची का, असे शेजारच्या एकीने मात्र विचारले. सासूबाईंनी तिला चहाच दिला नाही!

दागिने बाई येण्यापूर्वीच लॉकरमध्ये ठेवले, उगाच कोणावर संशय नको. आठवड्याची सुट्टी ठरविली. पहिले काही दिवस घरच्यांनी अवेळी घरी यावे, आणि बाई खाली गेली असता आजींना एकटे गाठून विचारावे. दंडावर वळ दिसले, किंवा बोलके माणूस एकाएकी गप्प झाले, तर वाट पाहत बसू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाणी आहे. आमच्याकडे हा आकडा सासूबाईंच्या उशाशी मोठ्या अक्षरांत लावला आहे. मी लिहिलेला त्यांना दिसेना, म्हणून बाईंनी तो पुन्हा ठळक लिहून लावला.